पार्श्वभूमी: विंडोज २००० सर्व्हरची ‘इमर्जन्सी रिपेअर’ फसते कुठे?

वेर्ण्यातल्या कारखान्यात किंवा मडगावच्या जुन्या पेढीत हिशेबाच्या एका पॅकेजसाठी सांभाळलेला विंडोज २००० सर्व्हर पावसाळ्यात वीज जाऊन आली की कधी कधी उठतच नाही. मग विंडोजची सीडी घालून दुरुस्तीसाठी ‘आर’ दाबले जाते; हीच ‘इमर्जन्सी रिपेअर’. दुरुस्ती पूर्ण झाल्याचे दिसते, पण युजर, शेअर, प्रिंटर काहीच जागेवर नसते.

आधीच्या विंडोज एनटी ४.० (१९९६) मध्ये ‘आरडिस्क’ या प्रोग्रॅमने बनवलेल्या दुरुस्तीच्या फ्लॉपीवर रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्ज व युजरांच्या नोंदवहीची, आकार घटवलेली (कॉम्प्रेस्ड) प्रत असे. युजर खूप असले की ती १.४४ एमबीत मावत नसे. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आले आणि फ्लॉपी बॅकअप प्रोग्रॅममधून बनू लागली. तिच्यावर उरल्या तीनच फाइली: सेटअप.लॉग, ऑटोएक्झेक.एनटी आणि कॉन्फिग.एनटी. आपल्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरली म्हणून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: त्या फ्लॉपीवर रजिस्ट्री नव्हतीच.

ती होती डिस्कवर, आणि खरा गुंता इथेच आहे. ‘रिपेअर’ फोल्डरमध्ये विंडोज बसवले त्या दिवसाची प्रत. बॅकअप घेताना रजिस्ट्रीच्या चौकटीत खूण केली असेल तर त्याच फोल्डरच्या पोटातल्या ‘रेगबॅक’मध्ये ताजी प्रत. ‘आर’नंतर दोन पर्याय येतात. ‘फास्ट रिपेअर’ उचलते ती पहिली, जुनी. ‘मॅन्युअल’ रजिस्ट्रीला हातच लावत नाही. मूळ प्रत नक्की शाबूत असते, असे या निर्णयाच्या समर्थनार्थ म्हणता येते. एकट्या माणसाच्या पीसीला ते चालेल. सर्व्हरचे मात्र सगळे आयुष्य बसवल्यानंतरच सुरू होते. त्याला पहिल्या दिवसावर नेणाऱ्या पर्यायाला ‘फास्ट’ हे लोभस नाव देणे मला आजही चूक वाटते. डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे साऱ्या नेटवर्कचे युजर सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, तर घोळ आणखी वाढतो. सेटअप साधा सर्व्हर बसवतो, डोमेनची जबाबदारी पुढे ‘डीसीप्रोमो’ या आज्ञेने येते. तिथे सिस्टम स्टेटचा (रजिस्ट्री आणि डोमेनची माहिती एकत्र घेणारा) बॅकअपच हवा.

दुरुस्ती फसण्याचे दुसरे कारण सर्व्हिस पॅक (एसपी), म्हणजे मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेल्या सुधारणांचा संच. न जुळणाऱ्या फाइली मूळ सीडीवरून येतात, म्हणून एसपी ४ (२००३) पुन्हा चढवावा लागतो. रेड (RAID) कार्डाचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा, ड्रायव्हर ‘एफ६’ दाबून दिला नाही, तर सेटअपला डिस्कच दिसत नाही.

विंडोज सर्व्हर २००३ मध्ये ही पद्धत जाऊन एएसआर (ऑटोमेटेड सिस्टम रिकव्हरी) आली. तिला फ्लॉपी लागायचीच, पण सोबत पूर्ण बॅकअपही. सर्व्हर २००८ पासून डीव्हीडीवरून बूट करून सगळ्या व्हॉल्यूमची (डिस्कच्या भागांची) इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, परत घालता येते. विंडोज २००० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १३ जुलै २०१० ला संपला. तरीही ‘फास्ट’ अजून दाबले नसेल, तर रिकव्हरी कन्सोलमध्ये (सीडीवरून मिळणाऱ्या आज्ञांच्या पडद्यावर) जाऊन ‘सिस्टम३२\कॉन्फिग’मधल्या चालू रजिस्ट्रीच्या फाइली आधी बाजूला कॉपी कराव्यात आणि मग ‘रेगबॅक’मधली प्रत तिथे ठेवावी.