जुन्या जीपचे ब्रेक आणि उताराची उष्णता

मे महिन्यातली दुपार. सिंहगडावरून जीप खाली आणत होतो, मागे चार माणसं आणि सामान. अर्ध्याहून जास्त घाट उतरल्यावर एका वळणाआधी ब्रेक दाबला, तर पॅडल नेहमीच्या जागी थांबेचना. ओल्या स्पंजवर पाय पडावा तसं ते खाली खाली गेलं. दोन-तीनदा भराभर पॅडल मारलं, गिअर खाली टाकला, तेव्हा कुठे गाडी आवरली. कडेला थांबलो तर पुढच्या चाकांतून जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तराचा, उग्र वास येत होता. तासाभरानं चाकं गार झाली आणि तोच ब्रेक पुन्हा व्यवस्थित लागायला लागला.

त्या तासात काही दुरुस्त झालं नव्हतं, कारण काही तुटलंच नव्हतं. फक्त उष्णता निघून गेली होती. जुन्या ऑफ-रोड गाडीचे ब्रेक सुधारायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्या तासानं शिकवलं. ब्रेकचं काम गतीची उष्णता करणं. ती उष्णता कुठे साठते आणि किती लवकर बाहेर पडते, यावर पुढचं सगळं ठरतं.

थोडा हिशेब करू. माणसं-सामानासकट गाडी १६०० किलो धरली, तर ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवताना सुमारे २२० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. आता तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणा. उंचीमुळे तिच्यात साठलेली ऊर्जा ७८ लाख ज्यूलच्या घरात जाते, म्हणजे अशा ३५ थांब्यांइतकी. खोलीच्या तापमानाचं २५ लिटर पाणी उकळीला आणायला एवढीच ऊर्जा लागते. उतरायला वीस मिनिटं लागली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर चारही चाकांत मिळून घरातले तीन गीझर वीस मिनिटं अखंड चालू ठेवल्यासारखं होतं. ड्रमवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यावर, हात ठेवता येत नाही, यात मग नवल ते काय!

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी होतात, त्यामागे हाच हिशेब आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली, की इंजिनाची अडवणूक संपते आणि उताराची सगळी ऊर्जा लायनरवर येते. कृपा करून कोणीही, कोणत्याही गाडीत, हे करू नये. इंजिन बंद केलं तर बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची, मदतही दोन-तीन दाबांत संपते.

ड्रम ब्रेक मुळात वाईट नाही, उलट फार हुशार यंत्र आहे. महायुद्धातल्या मूळ जीपला चारही चाकांना नऊ इंची ड्रम होते, बूस्टर नव्हता, तरी ती थांबायची. कारण ड्रममधला एक शू, म्हणजे लायनर लावलेली आतली कमान, फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच आणखी घट्ट बसतो. पायाच्या जोराला ड्रमच हातभार लावतो. पण याच गुणाची दुसरी बाजू उतारावर दिसते. लायनर तापला, त्यातल्या राळेतून वायू सुटू लागले, घर्षण थोडं कमी झालं, की शूला मिळणारी ओढही कमी होते. म्हणून घर्षण जेवढं घटतं त्याहून जास्त ब्रेक घटतो. त्यातच लोखंडी ड्रम तापून फुगतो. अकरा इंची ड्रम अडीचशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे पाऊण मिलिमीटरनं वाढतो. तेवढा तो शूपासून लांब जातो, आणि पॅडलच्या टोकाशी तोच फरक कित्येक पटींनी मोठा होऊन जाणवतो.

डिस्क ब्रेकचं उलट. त्यात चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन बाजूंचे पॅड चिमटीत धरतात. तापलेली डिस्क जाड होते आणि पॅडच्याच दिशेनं सरकते. दोन्ही बाजूंनी ती उघडी असल्यानं वारा लागतो, पाणी फेकलं जातं. पावसाळ्यात ताम्हिणीकडे ओढा ओलांडल्यावर ड्रमवाल्या गाडीला बराच वेळ ब्रेक लागत नाही, कारण आत शिरलेलं पाणी आणि चिखल बाहेर पडायला वाट नसते. डिस्क दोन-चार फेऱ्यांत कोरडी होते. डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच घेतलं होतं. त्याची खरी परीक्षा मात्र १९५३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत झाली. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार तिथे जिंकली. पहिल्या वळणावर सगळ्यांचेच ब्रेक लागतात. फरक पडतो तो पुन्हा पुन्हा दाबल्यावर.

म्हणून मी पुढच्या दोन चाकांना डिस्क घ्यायचं ठरवलं. पुण्याच्या नाना पेठेत कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा), डिस्क, ब्रॅकेट सगळं मिळतं, पण नुसते सुटे भाग आणून जमत नाही. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, डिस्क लावाल हो, पण दाब कुठून आणणार?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते, सगळा जोर बाहेरूनच द्यावा लागतो. बूस्टर नसेल तर पॅडल दगडासारखं लागतं. नऊ इंची बूस्टर बाहेरची हवा आणि आतली पोकळी (व्हॅक्यूम) यांच्या दाबाच्या फरकावर दोनशे-अडीचशे किलोंचा जोर देऊ शकतो. पण ती पोकळी आणायची कुठून? पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे, म्हणजे आत येणारी हवा अडवणाऱ्या झडपेमुळे, ती आपोआप तयार होते. जुन्या डिझेलला थ्रॉटल नसतो, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला. म्हणजे डिस्कमुळे बूस्टर आला आणि बूस्टरमुळे अल्टरनेटर बदलावा लागला.

पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचंही तसंच. कॅलिपरच्या पिस्टनला जास्त ऑइल लागतं, जुना लहान सिलिंडर ते पुरवताना पॅडल तळाला टेकवतो. काही जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमसाठी थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनला राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि गाडी ओढत चालते. बदलायचाच आहे तर दोन सर्किटांचा, म्हणजे ऑइलच्या दोन वेगळ्या वाटांचा, सिलिंडर घ्यावा. जुन्या एका सर्किटमध्ये एक नळी फुटली, की चारही चाकं गेली.

पुढे-मागे वाटणीचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. जीप आखूड आणि उंच. गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवर, पुढच्या-मागच्या आसांत २.३ मीटर अंतर आणि गाडी १६०० किलोंची धरली, तर जोरात ब्रेक दाबताच मागचा सुमारे ३०० किलो भार पुढच्या चाकांवर सरकतो. मागची चाकं हलकी होतात. त्यांना ब्रेक जास्त लागला तर ती आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. उतारावर हे आणखी लवकर होतं. म्हणून पुढे डिस्क आणि मागे चांगल्या स्थितीतले ड्रम ही जोडी मला शहाणपणाची वाटते. मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकही सोपा बसतो. दिसायला छान म्हणून चारही डिस्क लावण्याची घाई करू नये.

मोठे टायर लावणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. चाकाचा व्यास २८ वरून ३१ इंच केला, की तेवढ्याच ब्रेकमधून जमिनीवर लागणारा जोर सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो. ब्रेकला हात न लावताही तुम्ही तो कमजोर केलेला असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. पुण्यात टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत नव्या गाड्यांचे ब्रेक तपासूनच मंजूर होतात, ते उगाच नाही. त्याच कुळातल्या पुढच्या मॉडेलला कंपनीनं दिलेले भाग निवडावेत आणि आधी आरटीओत विचारावं.

आता ऑइल. सिंहगडावर पॅडल स्पंजसारखं झालं, त्यात तापलेल्या लायनरइतकाच वाटा या स्वस्त गोष्टीचा होता, आणि ती चूक माझी होती. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पण पावणेचार टक्के पाणी मुरलं की १४० अंशांनाही उकळू शकतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते, आणि पायाचा सगळा जोर तिला दाबण्यातच जातो. माझं ऑइल चार पावसाळे बदललेलं नव्हतं. बाटलीत काढलं तेव्हा ते काळ्या चहासारखं दिसत होतं.

काम संपलं त्या संध्याकाळी ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायला बसलो. मी पॅडलवर, मिस्त्री चाकाखाली, हातात पारदर्शक नळी आणि तळाशी थोडं ऑइल घेतलेली बाटली. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं मागचं चाक आधी. "मारा… मारा… धरा." निपल (हवा सोडायचा स्क्रू) सैल, पॅडल खाली, निपल बंद. "सोडा." पहिल्या काही वेळा बुडबुड्यांची माळच आली. मग एकेकटे, मोहरीएवढे. मधेमधे मी उतरून टाकीतली पातळी बघत होतो, कारण ती रिकामी झाली तर पुन्हा हवा आत. शेवटच्या चाकाला नळीतून फक्त मधाच्या रंगाचं ऑइल आलं. मिस्त्रींनी नळी उजेडासमोर धरून पाहिली, निपल आवळला आणि म्हणाले, "आता दाबा." पॅडल दोन बोटं खाली गेलं आणि थांबलं.