ट्वीड व्हॅलीतले माऊंटन बाईक ट्रेल

ट्वीड व्हॅली म्हणजे दक्षिण स्कॉटलंडमधल्या स्कॉटिश बॉर्डर्स भागातलं ट्वीड नदीचं खोरं. नदी तशी लांब आहे, साधारण १५६ किमी, आणि शेवटी इंग्लंडमधल्या बेरिकपाशी समुद्राला मिळते, पण माऊंटन बाईकवाले ट्वीड व्हॅली म्हणतात तेव्हा त्यांना पीबल्सपासून इनरलीथन आणि वॉकरबर्नपर्यंतचा छोटासा पट्टाच म्हणायचा असतो. एडिनबरापासून पीबल्स ३५-४० किमीवर, त्यामुळे शनिवार-रविवारी शहरातली निम्मी सायकलवाली मंडळी इथंच आलीयेत की काय असं वाटतं. ब्रिटनमध्ये माऊंटन बाईकिंगसाठी सगळ्यात नावाजलेल्या जागांमध्ये ही येते, आणि मजा म्हणजे इथले डोंगर अजिबात उंच नाहीत.

उत्तर काठावर ग्लेनट्रेसच्या जंगलाच्या वर डन्स्लेअर हाइट्स ६०२ मीटर, दक्षिणेला मिंच मूर ५६७ मीटर. नदीकाठची गावं दीडशे मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे माथ्यापासून नदीपर्यंत फार तर चारशे-साडेचारशे मीटरचा उतार मिळतो. आल्प्समध्ये रोपवेनं वर जाणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण उतार नदीच्या दोन्ही बाजूंना आहेत, बरेच ठिकाणी चांगलेच उभे आहेत, आणि एका दिवसात तीन-चार वेळा वर जाऊन दर वेळी वेगळ्या वाटेनं खाली येता येतं, हे उंचीपेक्षा जास्त कामाचं आहे. खालचा खडक ग्रेवॅक आणि शेल, ४० कोटी वर्षांहून जुना, त्यावर हिमयुगातली माती आणि त्यावर सूचिपर्णी झाडांच्या काड्याकुटक्यांचा मऊ थर. कोरडं असताना या थरावर टायर छान चावतो, ओलं झालं की तोच थर आणि त्यातली मुळं सरळ जमिनीवर आणतात.

इथलं सगळं नीट समजायचं असेल तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते, की हे जंगल मुळात लाकडासाठी लावलेलं आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाचा तुटवडा जाणवला म्हणून १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं आणि उघड्या डोंगरांवर रांगेनं झाडं लागली, मुख्य म्हणजे सिटका स्प्रूस. स्कॉटलंडमधली सरकारी जंगलं २०१९ पासून फॉरेस्ट्री अँड लँड स्कॉटलंड ही संस्था बघते. झाडं साधारण ४० वर्षांत तोडणीला येतात आणि ती वाहून न्यायला डोंगरभर रुंद कच्चे रस्ते काढलेले असतात. सायकलवाले हेच रस्ते वर चढायला वापरतात आणि रस्त्यांच्या मधल्या झाडीतून खाली येतात. म्हणजे लाकूड कंपन्यांच्या ट्रकसाठी केलेली सोय सायकलवाल्यांना आयती मिळाली, पण त्याच हिशोबानं ट्रेल, म्हणजे सायकलची वाट, इथं पाहुणा आहे, मालक नाही. तोडणी सुरू झाली की ट्रेल बंद, आणि तोडणी संपल्यावर तो ट्रेल शिल्लक असेलच असं काही नाही.

ग्लेनट्रेस हे यातलं सगळ्यात व्यवस्थित बांधलेलं ठिकाण, पीबल्सच्या पूर्वेला तीनेक किमीवर. दक्षिण स्कॉटलंडमध्ये २००० नंतरच्या वर्षांत सेव्हन स्टेन्स नावाची ट्रेल सेंटरची साखळी उभी राहिली, २००१ च्या लाळ्या-खुरकतच्या साथीनं इथल्या ग्रामीण भागाचं कंबरडं मोडलं होतं आणि पर्यटनातून पैसा यावा हा विचार त्यामागे होता, त्या साखळीतलं सगळ्यात गर्दीचं केंद्र हेच. ट्रेलला रंग दिलेले आहेत: हिरवा लहान मुलांना आणि नवशिक्यांना, निळा थोडी सवय असलेल्यांना, लाल म्हणजे सायकल आणि फुप्फुसं दोन्ही बरी पाहिजेत, काळा अनुभवी लोकांसाठी, आणि नारंगी जंप आणि मोठ्या बर्मच्या (वळणावरच्या तिरक्या बांधांच्या) बाईक पार्क टाईप भागाला. स्कीइंगच्या निळ्या खुणेसारखा निळा ट्रेल सोपा समजून कुणी बिना हेल्मेट शिरू नये, वेग वाढला की निळ्यावरही हात मोडतात.

बांधीव ट्रेल म्हणजे नुसती झाडी साफ करून काढलेली वाट नाही. उतार कापून त्यावर दगडाची खडी दाबलेली असते, थोड्या थोड्या अंतरावर वाट मुद्दाम किंचित वर उचललेली असते म्हणजे पाणी तिथंच बाजूला निघून जातं. ट्रेलचा शत्रू सायकल नाही, पाणी आहे. पाणी वाटेवरून वाहायला लागलं की दोन पावसाळी महिन्यांत ओढा तयार होतो. म्हणून ट्रेल बांधणाऱ्यांचा ढोबळ नियम असा की वाटेचा चढ-उतार डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर पाणी वाट सोडून खाली जातच नाही. ग्लेनट्रेस बारा महिने चालतं ते या खडीमुळे आणि या उतारांमुळे.

इनरलीथनचं प्रकरण वेगळं. तिथं दक्षिण काठावर ट्रॅक्वेअरच्या जंगलात जुने डाऊनहिल ट्रॅक आहेत, उभे, मुळांनी भरलेले, फुल-फेस (तोंडही झाकणारं) हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घालून उतरायचे. व्हॅन आणि ट्रेलरनं सायकली वर पोचवायची अपलिफ्ट सेवा इथं चालते, त्यामुळे ज्यांना चढायचा कंटाळा आहे ते खूश. आणि नदीच्या पलीकडे, इनरलीथन आणि वॉकरबर्नच्या मधे केबरस्टनच्या जंगलात आहे गोल्फी, पायथ्याशी गोल्फ मैदान आहे म्हणून तेच नाव पडलं. इथले ट्रेल कुणा ठेकेदारानं नाही बांधले, स्थानिक लोकांनी फावडी आणि दाताळी घेऊन हातानं काढले, परवानगी वगैरे न विचारता. पुढे ते इतके प्रसिद्ध झाले की शर्यतींसाठीही वापरले गेले. माझ्या मते खोऱ्याचं खरं नाव या अरुंद हातवाटांनी केलं, ग्लेनट्रेसच्या गुळगुळीत बर्मनी नाही, अर्थात पहिल्यांदा येणाऱ्यानं ग्लेनट्रेसच गाठावं.

परवानगीशिवाय वाटा निघाल्या आणि टिकल्या कशा, याला स्कॉटलंडचा कायदाही थोडा कारण आहे. लँड रिफॉर्म कायदा २००३ चा, आणि त्यातला जमिनीवर जबाबदारीनं फिरण्याचा हक्क २००५ पासून लागू झाला. तो चालणाऱ्यांना, घोडेस्वारांना आणि सायकलवाल्यांना सगळ्यांना आहे, खाजगी जमिनीवरसुद्धा. इंग्लंडमध्ये असं नाही, तिथं सायकल ठराविक प्रकारच्या वाटांवरच नेता येते. पण स्कॉटलंडमध्येही फिरायचा हक्क म्हणजे खणायचा हक्क नव्हे. नवीन ट्रेल काढायचा तर जमीनमालकाचं हो लागतं, कारण जंप करताना कुणी पडलं की जबाबदारीचा प्रश्न त्याच्याकडे येतो. यातून मार्ग म्हणून स्थानिक सायकलवाल्यांनी ट्वीड व्हॅली ट्रेल्स असोसिएशन काढली आणि जंगल खात्याशी करार करून अशा काही हातवाटा रीतसर सांभाळायला घेतल्या. काम स्वयंसेवक करतात: नाल्या उपसणं, पडलेली झाडं कापणं, घसरलेल्या कडा बांधणं.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजची फेरी २०१४ मध्ये पीबल्सला झाली आणि नंतरही ती खोऱ्यात आली. एन्ड्युरोत उताराचे टप्पे घड्याळावर मोजतात आणि चढ आपापल्या पायांनी पण वेळेच्या मर्यादेत चढायचे असतात, म्हणजे या खोऱ्याला अगदी मापात शिवलेला प्रकार. सगळ्यात मोठी गोष्ट ऑगस्ट २०२३ ची, सायकलिंगच्या जागतिक स्पर्धेत क्रॉस-कंट्री आणि मॅरेथॉन शर्यती ग्लेनट्रेसला झाल्या (डाऊनहिल फोर्ट विल्यमला होतं), आणि क्रॉस-कंट्रीत पुरुषांमध्ये ब्रिटनचा टॉम पिडकॉक आणि महिलांमध्ये फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो जिंकली.

आता अडचणी. सिटकाची मुळं उथळ असतात, त्यामुळे वादळात झाडं रांगेनं झोपतात, नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात पूर्व स्कॉटलंडमध्ये लाखो झाडं पडली. लार्च झाडांना फायटोफ्थोरा नावाचा रोग लागला की ती कायद्यानं तोडावी लागतात, मग तिथून जाणारा ट्रेल कितीही लाडका असो. एकदा झाडं गेली की सावलीतला मऊ ट्रेल उघड्यावर येतो, ऊन-पाऊस थेट पडतो आणि वर्ष-दोन वर्षांत वाटेचा स्वभावच बदलतो. गावात रोज इतकी वर्दळ झाल्यावर पार्किंगवरून कुरबुरी होतात, त्यात नवल नाही.

पीबल्सला रेल्वे होती, ती १९६२ मध्ये बंद पडली, आणि तिच्या जुन्या मार्गावर आता पीबल्स ते इनरलीथन असा सपाट सायकल रस्ता आहे, ज्यांना डोंगर नको त्यांच्यासाठी. जवळचं रेल्वे स्टेशन म्हणजे गॅलाशील्स, एडिनबराहून येणारी बॉर्डर्स रेल्वे २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तिथून पुढे इनरलीथनला बसनं नाहीतर सायकलवर जायचं. निघण्याआधी तोडणीमुळे कुठले ट्रेल बंद आहेत हे तपासूनच निघावं, आणि पट्टी लावलेली असेल तर ती ओलांडून जाऊ नये, पलीकडे खरंच झाडं पाडणारी मशीन चालू असते.