दुकान ह्यूस्टनात, घर मात्र नाही

मागच्या महिन्यात एका मित्राकडे आरतीला गेलो होतो. प्रसाद हातात पडतोय न पडतोय तोच त्याने फोन पुढे केला, "हे बघ, आपल्याला ह्यूस्टनने घेतलं, आता सिटी टॅक्स बसणार." फोनवर शहराचा नकाशा होता आणि त्याच्या घराजवळचा इंडियन ग्रोसरीचा अख्खा प्लाझा रंगवलेला होता. पण नीट झूम करून पाहिलं तर रंग पार्किंग लॉटच्या कडेला थांबत होता, त्याच्या गल्लीला लागलेलाच नव्हता. अमेरिकेत टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या बाहेर केटी, सायप्रस या बाजूला राहणाऱ्या निम्म्या मराठी लोकांचा हाच गोंधळ असतो, कारण शब्द एकच, ॲनेक्सेशन, म्हणजे शहराने शेजारचा भाग आपल्या हद्दीत घेणं, आणि प्रकार दोन. एक पूर्ण हद्दवाढ आणि दुसरी लिमिटेड पर्पज, म्हणजे ठरावीक कामापुरती.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, ती म्हणजे पत्ता. पत्त्यावर केटी लिहिलंय म्हणजे तुम्ही केटी शहरात राहता असं अजिबात नाही, ते फक्त पोस्टाच्या सोयीचं. 2020च्या जनगणनेत केटी शहराची वस्ती 22 हजाराच्या आसपास, आणि केटीचा पत्ता लावणारी माणसं त्याच्या कितीतरी पट. बाकीचे बहुतेक कुठल्याच शहरात नाहीत. यालाच अनइन्कॉर्पोरेटेड म्हणतात, आणि ह्यूस्टन ज्यात येतं त्या एकट्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) असे 20 लाखांहून जास्त लोक आहेत. इथे पोलीस म्हणजे काउंटीचे शेरीफ नाहीतर कॉन्स्टेबल, आणि पाणी-ड्रेनेज बघतो तो मड, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. नाव चिखलाचं असलं तरी काम नगरपालिकेचं, बिल्डरने टाकलेल्या पाइपांचं कर्ज तुमच्या मड टॅक्समधून फिटत असतं.

आता पूर्ण हद्दवाढ. यात शहर तुम्हाला अख्खं घेतं, घर, रस्ता, पाइपलाइन, सगळं. मड साधारणपणे बरखास्त होतो, त्याची मालमत्ता शहराची आणि त्याचं कर्जही शहराचं. तुम्हाला शहराचा प्रॉपर्टी टॅक्स लागतो, ह्यूस्टनचा दर 2024 साली 100 डॉलरला अंदाजे 52 सेंट होता, म्हणजे 3 लाखांच्या घराला, सूटबीट सोडून, वर्षाला 1,560 डॉलर, आणि मड टॅक्स जातो. म्हणजे ज्याचा मड जुना, कर्ज फिटत आलेलं, दर कमी, त्याला फटका, आणि नव्या मडवाल्याला कदाचित फायदाच, हे गणित कोणी मांडत नाही, सगळे आधी बोंब मारतात. बदल्यात शहराचे पोलीस, कचरा, फायर, आणि मेयर निवडायचा हक्क. आणि हो, ह्यूस्टनच्या हद्दीत फटाके उडवायला बंदी आहे, काउंटीत काही अटींवर चालतात, त्यामुळे दिवाळीला सुद्धा फरक पडतो.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ह्यूस्टनजवळची किंगवुड ही वस्ती. 1996च्या शेवटी ह्यूस्टनने ते घेतलं, तेव्हा तिथे 50 हजाराच्या आसपास लोक होते, ते कोर्टात गेले, उपयोग झाला नाही. तेव्हा टेक्ससमध्ये शहराला रहिवाशांना विचारावंच लागत नव्हतं. त्या रागातूनच पुढे 1999 साली विधिमंडळाने नियम आवळले, मग 2017च्या कायद्याने मोठ्या काउंट्यांत मतदान आलं आणि 2019मध्ये ते राज्यभर लागू झालं. आता रहिवाशांनी हो म्हटल्याशिवाय असली हद्दवाढ जवळपास होतच नाही, आणि जास्तीचा टॅक्स बसेल म्हटल्यावर हो कोण म्हणणार?

(आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. पुण्यात 2017ला 11 आणि 2021ला 23 गावं महापालिकेत गेली ती सरकारी अधिसूचनेने. फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर बाहेर काढली, ती पण अधिसूचनेनेच.)

लिमिटेड पर्पजची तऱ्हा वेगळी. यात शहर आणि मड करार करतात, स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप ॲग्रीमेंट असं भारदस्त नाव आहे, आणि शहर फक्त दुकानांचा पट्टा हद्दीत घेतं, तोही फक्त सेल्स टॅक्सपुरता. प्रॉपर्टी टॅक्स नाही. मड जिवंत. पोलीस पूर्वीचेच, पाणी पूर्वीचंच. जाहीर सुनावणी होते, नोटीस पेपरात येते, ती कोणी वाचत नाही आणि एक दिवस मित्र नकाशा घेऊन आरतीला येतो.

पैसे कसे वाटले जातात ते कुकरवर बघू. डाळ-तांदळाला टेक्ससमध्ये सेल्स टॅक्स नाही, कुकरला आहे. त्या प्लाझात 80 डॉलरचा कुकर घेतला तर सव्वाआठ टक्क्यांनी टॅक्स 6 डॉलर 60 सेंट. त्यातले 5 डॉलर राज्याचे, सव्वासहा टक्के. 80 सेंट मेट्रोचे, म्हणजे इथली बस आणि लाइट रेल चालवणारी संस्था. उरलेले 80 सेंट ह्यूस्टन शहराच्या नावाचे. पण ते सगळे शहराला राहत नाहीत, नेहमीच्या करारात निम्मे, 40 सेंट, शहर परत मडला देतं. म्हणजे तुमच्याच गल्लीचं पाणी बघणारा मड त्या कुकरवर 40 सेंट कमावतो, आणि ते पार्कला, जादा पेट्रोलिंगला किंवा कर्जाला लावता येतात. याच 40 सेंटसाठी मडची मंडळी सही करायला तयार होतात. शिवाय अशा करारात शहर साधारण 30 वर्षं पूर्ण हद्दवाढ करणार नाही असं लिहून देतं, 2017च्या आधी हे कलम सोन्याचं होतं.

शहराला काय मिळतं? रस्ता नको, पोलीस नको, फक्त गल्ला. मला विचाराल तर ह्यूस्टनने हुशारी केली, पण थोडी कोडगी हुशारी, कारण दुकानदार शहराच्या नावाने टॅक्स गोळा करतो आणि चोरी झाली की फोन शेरीफलाच लावतो. उलट बाजूही आहे म्हणा, आपण रोज शहराच्या रस्त्यांवरून ऑफिसला जातो आणि प्रॉपर्टी टॅक्सचा एक पैसा शहराला देत नाही.

ह्यूस्टनच्या उत्तरेला द वुडलँड्स नावाची मोठी वस्ती आहे, तिथल्या लोकांनी तिसराच रस्ता काढला. 2007 साली ह्यूस्टनशी करार करून पैसे देऊ केले, बदल्यात 50 वर्षं आम्हाला घेऊ नका. मग 2021मध्ये स्वतःचं शहर करायचं का यावर मतदान झालं तर लोकांनी तेही नाही म्हटलं. कुठल्याच शहरात नसणं बऱ्याच जणांना आवडतं, हे मला इथे येऊन दहा वर्षांनी पटलं.

तर आपलं घर कशात आहे हे ओळखायला नकाशा नको, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा. काउंटी, स्कूल डिस्ट्रिक्ट, मड अशा ओळी असतील आणि सिटी ऑफ ह्यूस्टन ही ओळ नसेल तर तुम्ही शहरात नाही, समोरचा प्लाझा कितीही रंगलेला असो. मित्राने तिथेच बिल काढलं, ओळ नव्हती, हुश्श झालं. मग म्हणाला, "ते ठीक, पण आता कुकर केटी गावात जाऊनच घेतो, ह्यूस्टनला 40 सेंट कशाला द्यायचे." त्याला सांगितलं, केटीतही सव्वाआठच आहे.