वैमानिकाची मनोविकलता आणि फौजदारी दायित्व

मानसिक तोल ढळलेल्या वैमानिकामुळे विमान व प्रवासी संकटात आले, तर त्याला गुन्हेगार ठरवता येते का, हा फौजदारी कायदा, विमान वाहतूक कायदा आणि न्यायवैद्यक मनोविकारशास्त्र यांच्या सीमेवरचा प्रश्न. त्यासाठी सहसा वेगळा कायदा नसतो. कोणत्याही आरोपीला मिळणारा मनोविकलतेचा बचावच (मानसिक आजारामुळे कृत्याला आपण जबाबदार नाही, हा दावा) वैमानिकालाही लागू होतो. न्यायालयीन निवाडे मोजके आहेत, कारण अशा घटनांपैकी भीषण घटनांत वैमानिक बहुधा स्वतःही मरण पावतो आणि मृतावर खटला चालत नाही.

बचावाचे मूळ : इंग्रजी परंपरेतील देशांत हा बचाव १८४३ च्या मॅकनॉटन नियमांकडे नेला जातो. ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खाजगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्या खुनाच्या आरोपातून डॅनियल मॅकनॉटन मनोविकल म्हणून सुटला. त्यावर उठलेल्या वादळामुळे हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना काही प्रश्न विचारले, आणि त्यांची उत्तरे म्हणजेच हे नियम. ते कोणत्याही खटल्याचा निकाल नव्हेत. त्यामुळे त्यांच्या अधिकाराविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले. काहींच्या मते १८०० मध्ये राजा तिसरा जॉर्ज याच्यावर गोळी झाडणाऱ्या जेम्स हॅडफील्डच्या खटल्याने मोकळी केलेली वाट या नियमांनी पुन्हा अरुंद केली. इतरांच्या मते त्यांनी जुन्याच कसोटीला नेमके शब्द दिले. पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण हॅडफील्डच्या बचावाचा भर भ्रमावर होता, तर मॅकनॉटन नियमांचा भर जाणिवेवर आहे : आरोपीला कृत्याचे स्वरूप कळत होते का, आणि कळत असल्यास ते चूक आहे हे कळत होते का?

यातील ‘चूक’ म्हणजे बेकायदा की अनैतिक, यावर १९५२ मध्येच दोन वाटा फुटल्या. इंग्लंडमध्ये विंडल खटल्यात बेकायदा हा अर्थ घेतला गेला. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने स्टेपलटन खटल्यात तो नाकारला. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ८४ मध्ये चूक किंवा कायद्याविरुद्ध असे दोन्ही पर्याय होते आणि २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये ते कायम राहिले. वैमानिकाच्या बाबतीत हा भेद निर्णायक ठरू शकतो. आपण विमान चालवत आहोत हे त्याला बहुधा कळत असते. भ्रम असतो तो आपण हे का करत आहोत याविषयीचा. तेव्हा बचावाचे पहिले अंग लागू पडत नाही आणि सारा भार दुसऱ्यावर येतो. केवळ ‘बेकायदा’ हा अर्थ घेतल्यास गंभीर भ्रमात असलेला माणूसही दोषी ठरू शकतो. म्हणून ऑस्ट्रेलियाची भूमिका अधिक न्याय्य म्हणावी लागेल.

जर्मन दंड संहितेची कलमे २० व २१, फ्रेंच संहितेचे कलम १२२-१ व जपानी संहितेचे कलम ३९ यांची घडण वेगळी असली, तरी दायित्व पूर्णपणे संपणे आणि केवळ कमी होणे अशा दोन पायऱ्या तिन्हींत आहेत.

पूर्वदोष : झटका आला त्या क्षणी माणूस भानावर नसला, तरी त्याआधी तो भानावर होता. आजार ठाऊक असून तो कामावर का गेला, असा प्रश्न मग उभा राहतो. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा डेसिना खटला (१९५६) येथे पायाभूत मानला जातो. अपस्माराचे झटके येतात हे माहीत असलेल्या मोटारचालकाच्या गाडीखाली चार मुले मरण पावली, आणि चाक हाती घेणे हेच दोषपात्र ठरू शकते असे न्यायालयाने मानले. मनोविकाराला हे सूत्र सरळ लावता येत नाही. अपस्माराच्या रुग्णाला आपला आजार माहीत असू शकतो. तीव्र मनोविकृतीत मात्र आपण आजारी आहोत ही जाणीवच अनेकदा हरपते.

प्रमुख प्रकरणे : ९ फेब्रुवारी १९८२ रोजी जपान एअरलाइन्सचे ३५० क्रमांकाचे उड्डाण हानेडा विमानतळाजवळ समुद्रात कोसळले व २४ जण मरण पावले. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात कप्तानाने इंजिनांचा उलटा जोर चालू केला होता. तो वाचला, परंतु मनोविकलतेमुळे त्याच्यावर खटला भरण्यात आला नाही. २७ मार्च २०१२ रोजी जेटब्लू या अमेरिकी विमान कंपनीच्या १९१ क्रमांकाच्या उड्डाणात कप्तान असंबद्ध बोलू लागला. सहवैमानिकाने त्याला कॉकपिटबाहेर ठेवून दार बंद केले, प्रवाशांनी त्याला आवरले आणि विमान अमारिलोला उतरले. कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणल्याचा संघीय आरोप त्याच्यावर ठेवला गेला; जुलै २०१२ मध्ये मनोविकलतेच्या कारणावरून तो निर्दोष ठरला. अमेरिकेच्या १९८४ च्या कायद्याने हा बचाव सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर टाकलेला असल्याने या निकालाचे महत्त्व अधिक आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडकडे वळवलेल्या होरायझन एअरच्या विमानातील प्रकरण वेगळे. कॉकपिटमधील जादा आसनावर बसलेल्या, ड्यूटीवर नसलेल्या वैमानिकाने दोन्ही इंजिनांचे अग्निशामक दांडे ओढू पाहिले. ते पूर्ण ओढले गेल्यास इंजिनांचा इंधनपुरवठा तुटतो. सुमारे दोन दिवसांपूर्वी त्याने भ्रमकारी मशरूम घेतले होते. ८३ जणांच्या खुनाच्या प्रयत्नाचा मूळ आरोप पुढे बेपर्वाईने जीव धोक्यात घालण्यापर्यंत खाली आला आणि २०२५ मध्ये राज्य व संघीय या दोन्ही न्यायालयांत, कोठडीत काढलेला काळ जमेस धरून, शिक्षा झाली. स्वेच्छेने घेतलेला अंमली पदार्थ आणि आजार यांतील रेषा येथे दिसते.

वैमानिक मृत असल्यास : २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने कप्तानाला बाहेर ठेवून विमान फ्रेंच आल्प्समध्ये पाडले, १५० जण मरण पावले. जेटब्लू घटनेत जीव वाचवणारे तेच बंद दार येथे घातक ठरले. फ्रेंच अपघात अन्वेषण संस्थेच्या २०१६ च्या अहवालानुसार, दोन आठवड्यांपूर्वी एका डॉक्टरने संभाव्य मनोविकृतीची नोंद करून मानसोपचार रुग्णालयातील उपचार सुचवले होते. ही माहिती विमान वाहतूक प्राधिकरणापर्यंत पोहोचली नाही. रुग्णाचे गुपित फोडणे हा जर्मन कायद्यात गुन्हा आहे. ड्युसेलडॉर्फच्या अभियोक्त्यांनी २०१७ मध्ये इतर कोणाचेही फौजदारी दायित्व न आढळल्याने तपास बंद केला. इजिप्तएअर ९९० (१९९९) व सिल्कएअर १८५ (१९९७) या अपघातांत तर वैमानिकाने विमान मुद्दाम पाडले का, याविषयीच संबंधित देशांच्या संस्थांचे एकमत झाले नाही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीविषयीच्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघात अन्वेषणाचा उद्देश दोष ठरवणे हा नसतो.

आंतरराष्ट्रीय करार : १९६३ च्या टोकियो कराराने उपद्रवी व्यक्तीला आवरण्याचे अधिकार विमानाच्या कप्तानाला दिले, कप्तानच धोकादायक झाल्यास काय, यासाठी त्यात वेगळी तरतूद नाही. विमानांच्या सुरक्षेविरुद्धच्या कृत्यांना गुन्हा ठरवणाऱ्या १९७१ च्या माँट्रियल कराराला बेकायदा व हेतुपुरस्सर कृत्य अभिप्रेत आहे, त्यामुळे मनोविकल व्यक्ती त्याच्या कक्षेत येते की नाही हे राष्ट्रीय कायद्यावर सोपवले जाते.

आजार लपवणे : वैद्यकीय अर्जात खोटी माहिती देणे हा अमेरिकेत स्वतंत्र गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण परवाना जाण्याच्या भीतीने वैमानिक डॉक्टरकडेच जात नाहीत, आणि शिक्षेची धास्ती ही भीती आणखी वाढवते. प्रवाशांच्या दृष्टीने खरा धोका येथे आहे. अमेरिकेने २०१० मध्ये चार नैराश्यरोधक औषधे घेणाऱ्या वैमानिकांना अटींवर उड्डाणाची मुभा दिली. युरोपीय संघाने २०१८ च्या नियमांनी नोकरीपूर्व मानसशास्त्रीय मूल्यमापन आणि सहकाऱ्यांच्या आधाराची व्यवस्था विमान कंपन्यांवर बंधनकारक केली. हे नियम फेब्रुवारी २०२१ पासून लागू आहेत.