‘आर्सन’: शब्दामागचा कायदा

जाणूनबुजून आग लावून मालमत्तेचे नुकसान करण्याच्या गुन्ह्याला इंग्रजीत ‘आर्सन’ म्हणतात. ‘जळणे’ या अर्थाच्या ‘आर्देरे’ या लॅटिन क्रियापदापासून निघालेला हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्लंडच्या न्यायालयांत आला, कारण फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर कित्येक शतके तेथील वकिलांची भाषा फ्रेंचच होती. प्रत्यक्ष इंग्रजी लेखनात तो सतराव्या शतकात रुळला. (खोगिराच्या उंच कडेलाही पूर्वी ‘आर्सन’ म्हणत, पण तो शब्द धनुष्यवाचक लॅटिन शब्दावरून आलेला असून त्याचा आगीशी संबंध नाही.)

आज हा शब्द कोणत्याही जाळपोळीला लावला जात असला, तरी इंग्लंडच्या कॉमन लॉमध्ये, म्हणजे न्यायालयांच्या निर्णयांतून घडलेल्या कायद्यात, त्याची व्याप्ती फारच अरुंद होती. दुसऱ्याचे घर किंवा त्याच्या आवारातील गोठे-कोठारे द्वेषबुद्धीने आणि हेतुपुरस्सर जाळणे, अशी व्याख्या इंग्रज कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी १७६९ मध्ये नोंदवली, आणि तिच्यातला ‘दुसऱ्याचे’ हा शब्द निर्णायक होता. १६३४ मधील एका खटल्यात भाडेपट्ट्याने राहणाऱ्या माणसाने स्वतःच्या ताब्यातील घर पेटवले होते. शेजाऱ्यांची घरे जाळण्याचा त्याचा इरादा असूनही हा महाअपराध, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातला गुन्हा, ठरला नाही. घर खरोखर जळणेही आवश्यक होते. १८४२ मधील एका खटल्यात जमिनीच्या फळ्या धगीने काळ्या पडल्या होत्या, पण लाकूड जळाले नव्हते, म्हणून तेवढ्यावर गुन्हा पूर्ण होत नाही असे ठरले. आज हा कीस काढणे वाटेल. पण शिक्षा गळफासाची असताना तो काढला जाणे स्वाभाविकच होते.

स्वतःचे घर जाळण्याची पळवाट पुढे विम्यामुळे महागात पडू लागली. लंडनच्या १६६६ च्या महाआगीनंतर तेथे अग्निविमा सुरू झाला आणि विम्याच्या रकमेसाठी आपलीच इमारत पेटवणे फायद्याचे ठरू शकले. अखेर १८०३ च्या कायद्याने फसवणुकीच्या हेतूने लावलेली आग, घर स्वतःच्या ताब्यात असले तरी, गुन्ह्यात आणली. जुना कॉमन लॉ गुन्हा मात्र १९७१ मध्ये रद्द झाला. त्या वर्षीच्या कायद्यानुसार कोणत्याही मालमत्तेचे आगीने केलेले गुन्हेगारी नुकसान ‘आर्सन’ ठरते.

भारतात इंग्रजांनी कायदा आणला, पण हा शब्द आणला नाही. मेकॉले यांच्या आयोगाच्या १८३७ च्या मसुद्यावरून तयार झालेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत आग लावणे हा ‘मिस्चिफ’चा, म्हणजे मालमत्तेचे मुद्दाम नुकसान करण्याच्या गुन्ह्याचा (कायद्याच्या मराठीत ‘आगळिकी’चा), एक गंभीर प्रकार मानला गेला. माझ्या मते ही रचना अधिक सुटसुटीत होती, कारण स्वतःच्या मालमत्तेबाबतही आगळीक घडू शकते हे कलम ४२५ च्या स्पष्टीकरणातच सांगितल्यामुळे इंग्लंडमधला मालकीचा घोळ येथे उद्भवलाच नाही. घर किंवा प्रार्थनास्थळ नष्ट करण्यासाठी आग लावल्यास कलम ४३६ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. आगीने केलेल्या इतर नुकसानीच्या कलम ४३५ साठी नुकसान किमान १०० रुपयांचे असावे लागे, शेतमालाच्या बाबतीत मात्र १० रुपयेच पुरत. कडब्याची गंजी किंवा खळ्यावरचे धान्य पेटवणाऱ्याला किरकोळ किमतीची सबब सांगता येऊ नये, अशी ही तजवीज होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही दोन्ही कलमे ३२६ व्या कलमात सामावली असून, रुपयांची अट गाळण्यात आली आहे.