उंच पर्वतावर झाडं का संपतात? दोष हिवाळ्याचा नाही

उंच पर्वतावर एका रेषेनंतर झाडं संपतात, वर फक्त गवत आणि खुरटी झुडपं उरतात. ‘वर हवा विरळ आणि हिवाळा जीवघेणा, म्हणून झाडं तगत नाहीत,’ हे कारण वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चुकीचं आहे.

सैबेरियातल्या याकुतियात पारा उणे ६० अंशांपर्यंत उतरतो, तरी तिथे लार्च वृक्षांची अफाट जंगलं आहेत. आणि विरळ हवा? बोलिव्हियातल्या सहामा ज्वालामुखीच्या उतारावर पॉलिलेपिसची झाडं ५,००० मीटरच्याही वर वाढतात. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो.

खरी अडचण उन्हाळ्याची आहे. गारव्यातही पानं साखर बनवत राहतात. पण साधारण ५ अंशांखाली नव्या पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. अन्न असतं, त्याचं लाकूड होत नाही. वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान ६ ते ७ अंशांवर येतं, साधारण तिथेच जगभर ही रेषा सापडते.

मग त्याच उंचीवर झुडपं कशी जगतात? हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. जमिनीला चिकटलेलं झुडूप वाऱ्याच्या तडाख्यातून वाचतं आणि उन्हात त्याची पानं भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अंशांनी तापतात. उभं झाड मात्र वाऱ्यामुळे हवेइतकंच गार राहतं, शिवाय स्वतःच्याच सावलीने मुळांभोवतीची माती थंड ठेवतं.

काही डोंगरांवर ही रेषा बरीच खाली दिसते. तिथे बहुतेकदा हिमस्खलन, वणवे, चराई किंवा कुऱ्हाड कारणीभूत असते.