चेंडू-रॉकेट

चेंडू-रॉकेट : खेळातला चेंडू हाच ज्याचा मुख्य भाग असतो असे मॉडेल रॉकेट. नेहमीच्या मॉडेल रॉकेटला पुठ्ठ्याची लांब नळी, टोकदार नाक आणि खाली तीन-चार पंख असतात. चेंडू-रॉकेटात नळीची आणि नाकाची जागा चेंडू घेतो. त्याच्या पोटातून आरपार एक पुठ्ठ्याची नळी बसवतात, तीत कारखान्यात तयार झालेली मोटर घालतात आणि मागे शेपूट, पंख किंवा कडे जोडतात. छंदी लोकांत अशा वेगळ्या आकाराच्या रॉकेटांना ‘ऑड-रॉक’ म्हणतात. उडत्या तबकड्या, शंकू आणि चेंडू त्याच घराण्यातले. चेंडू दिसायला सर्वांत साधा असला तरी सरळ उडवायला तो सर्वांत कठीण आहे, कारण गोल वस्तूला पुढची आणि मागची बाजूच नसते. रचणाऱ्याचे जवळजवळ सगळे काम त्याला ती बाजू देण्याचे असते.

पार्श्वभूमी : मॉडेल रॉकेटचा छंद अमेरिकेत १९५४ मध्ये सुरू झाला असे मानतात. नेब्रास्कातील नॉरफोक गावच्या ऑर्व्हिल आणि रॉबर्ट कार्लाइल या भावांनी त्या वर्षी बदलता येणारी छोटी मोटर आणि पॅराशूटने उतरणारे रॉकेट तयार केले. जी. हॅरी स्टाइन यांनी तो प्रकार लोकांपुढे नेला आणि १९५७ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय रॉकेट संघटना स्थापन झाली. मोटरी यंत्रावर भरण्याची सोय व्हर्न एस्टिस यांनी केली. या साऱ्याचे मूळ प्रयोजन सुरक्षितता होते. घरी दारू कुटून धातूच्या नळ्यांत ठासणाऱ्या मुलांचे हात जात होते, त्यावर हा उपाय होता. चेंडू-रॉकेटलाही तोच नियम लागू आहे : मोटर नेहमी विकतची, कारखान्यातली. बंद चेंडूत फटाक्याची दारू भरली तर रॉकेट होत नाही, बाँब होतो.

दुसरा धागा खेळण्यांच्या बाजूने येतो. १९७० मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने पॉलियुरेथेन फोमचा सुमारे १० सेंटिमीटरचा हलका ‘नर्फ’ चेंडू बाजारात आणला. पाठोपाठ फोमचा लांबट अमेरिकन फुटबॉल आला आणि पुढे शेपटीवर पंख लावलेले फेकायचे फोम-फुटबॉलही निघाले. हे शेवटचे खेळणे म्हणजे जवळजवळ तयार रॉकेटच. नाक गोलसर, वजन पुढे, मागे लांब दांडा आणि त्यावर पंख. दांड्याच्या जागी मोटरीची नळी बसवली की उरते फक्त पॅराशूटची सोय. नवशिक्याने सुरुवात याच प्रकाराने करावी. पूर्ण गोल चेंडू हा नंतरचा धडा आहे.

चेंडूची निवड : वजन आणि मऊपणा या दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. स्पर्धेतल्या पाच नंबरच्या फुटबॉलचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. डी१२-३ (अशा नावांचा अर्थ पुढे ‘मोटर आणि उड्डाण’ मध्ये दिला आहे) या प्रचलित मोटरीला उड्डाणाच्या वेळी एकूण ३९६ ग्रॅमपर्यंतच वजन पेलवते, म्हणजे चामडी फुटबॉल मोटर बसवण्याआधीच बाद होतो. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असल्याने वजनात बसतो, पण तो घट्ट आणि कठीण आहे. पॅराशूट उघडले नाही तर तो डोके फोडेल, म्हणून तो वापरू नये. गोल्फच्या चेंडूलाही हीच हरकत. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा आणि साडेसहा-पावणेसात सेंटिमीटर व्यासाचा असतो. सी६-३ मोटर सुमारे २४ ग्रॅमची आहे आणि तिची मर्यादा ११३ ग्रॅम, त्यामुळे हिशेब जमतो, मात्र पंख, नळी आणि पॅराशूट मिळून तीसएक ग्रॅमच हातात राहतात. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा आणि २.७ ग्रॅमचा. एवढ्या लहान चेंडूत मोटर बसवण्यात अर्थ नाही, पण छोट्या रॉकेटचे नाक म्हणून तो उत्तम. अट एकच : जुने सेल्युलॉइडचे चेंडू घेऊ नयेत. सेल्युलॉइड नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि ठिणगी पडताच भडकते. २०१४ नंतर स्पर्धांत आलेले प्लॅस्टिकचे चेंडू त्या मानाने बरे.

सगळ्यांत सोयीचा फोमचा चेंडू. तो हलका असतो, कापता येतो आणि पडला तरी कोणाला इजा करत नाही. हवा भरलेले ब्लॅडरचे चेंडू टाळावेत.

गुरुत्वमध्य आणि दाबमध्य : उडत्या वस्तूचे वजन ज्या बिंदूत एकवटले आहे असे मानता येते तो गुरुत्वमध्य, आणि हवेचा एकत्रित रेटा ज्या बिंदूतून लागतो तो दाबमध्य. गुरुत्वमध्य पुढे आणि दाबमध्य मागे असेल तर तिरके झालेले रॉकेट आपोआप सरळ होते. उलट असेल तर ते हवेत कोलांट्या घेते. नेहमीच्या रॉकेटात दोन बिंदूंमध्ये निदान एका व्यासाइतके अंतर ठेवतात. १९६६ मध्ये जेम्स बॅरोमन यांनी दाबमध्य काढण्याची सोपी समीकरणे छंदी लोकांना दिली, पण ती सडपातळ रॉकेटांसाठी आहेत. चेंडूवर ती लावली तर उत्तर चुकते.

गोलावर हवेचा दाब प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाला लंब असतो, म्हणजे दाबाची प्रत्येक रेषा गोलाच्या केंद्रातून जाते. म्हणून नुसत्या चेंडूचा दाबमध्य केंद्रातच असतो. चेंडू वळला तरी हवा त्याला सरळ करत नाही. आता मोटर मागून बसवली की काय होते ते आकड्यांत पाहू. चेंडू १३ सेंटिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅमचा. डी१२ मोटर ७० मिलिमीटर लांब, सुमारे ४२ ग्रॅमची. तिचे तोंड चेंडूच्या मागच्या कडेला लावले तर तिचा मध्य चेंडूच्या केंद्रामागे ३ सेंटिमीटरवर येतो आणि सगळ्याचा गुरुत्वमध्य केंद्रामागे जवळजवळ १ सेंटिमीटर सरकतो. असे रॉकेट सुटता सुटताच उलटणार. पुढच्या टोकाशी, केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर, २१ ग्रॅम मातीचा गोळा चिकटवला तर नुसती बरोबरी होते. गुरुत्वमध्य १ सेंटिमीटर पुढे आणायचा तर सुमारे ५० ग्रॅम लागतात.

वजनाऐवजी मोटर पुढे सरकवण्याचा मोह होतो. ती थोडी पुढे घेता येते, पण मोटरीचे तोंड नळीत एका नळीव्यासापेक्षा जास्त आत गेले तर धक्का बराच घटतो आणि नळी जळते. दुसरा मार्ग पंखांचा. इथे एक गोष्ट हमखास दुर्लक्षिली जाते : चेंडूच्या मागे हवा फाटते आणि घोटाळत राहते. त्या घोटाळ्यात बसलेले लहान पंख काहीच करत नाहीत. पंख चेंडूच्या व्यासाबाहेर निघाले पाहिजेत, किंवा चेंडूमागे लांब दांडा घेऊन त्यावर पातळ प्लॅस्टिकचे कडे बसवले पाहिजे. उत्तम रचनेत थोडे वजन पुढे आणि थोडे पंख मागे असे दोन्ही असते, कारण नुसत्या वजनाने मोटर दमते आणि नुसत्या पंखांनी शेपूट जड होऊन गुरुत्वमध्य पुन्हा मागे येतो.

हातात एक बरी बाब अशी की बुटक्या रॉकेटांच्या मागे तयार होणारा कमी दाब त्यांना मागून ओढून धरतो आणि सरळ ठेवायला मदत करतो. गणकयंत्रावरच्या उड्डाण-आराखड्यात हे धरण्यासाठी छंदी लोक रॉकेटामागे शून्य वजनाचा एक काल्पनिक शंकू जोडतात, ज्याची लांबी व्यासाच्या पायपट, म्हणजे ३.१४ पट, असते. आधार अनुभवाचा आहे, पण तो कामाला येतो.

शिवण : क्रिकेटचा चेंडू शिवणीमुळे वळतो हे सर्वांना ठाऊक आहे. एका बाजूची हवा लवकर सुटते, दुसऱ्या बाजूची उशिरा, आणि चेंडू बाजूला ढकलला जातो. रॉकेटातही हेच घडते. म्हणून चेंडूला शिवण, सांधा किंवा उठावाची अक्षरे असतील तर ती उड्डाणाच्या अक्षाभोवती सारखी यावीत. एकच गोल सांधा असेल तर तो कंबरपट्ट्यासारखा आडवा ठेवावा, ध्रुवावरून ध्रुवाकडे जाऊ देऊ नये.

बांधणी : पहिले काम दोन ध्रुव शोधण्याचे. कागदाची पट्टी चेंडूभोवती गुंडाळून परीघ मोजावा आणि पट्टी बरोबर निम्म्यात दुमडावी. निवडलेल्या ध्रुवावर तिचे टोक टाचणीने रोवून दुसरे टोक तीन-चार दिशांनी फिरवावे आणि खुणा कराव्यात. सगळ्या खुणा जिथे जमतात तो समोरचा ध्रुव. भोक या दोन ध्रुवांना जोडणाऱ्या रेषेतच गेले पाहिजे, कारण मोटर जरा तिरकी बसली तरी रॉकेट गोल गोल गिरक्या घेते.

ड्रिल फोमला फाडते. पातळ धातूच्या नळीच्या एका कडेला कानस मारून धार करावी आणि ती हाताने पिळत दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत न्यावी. भोक स्वच्छ पडते. तापलेल्या तारेने पॉलियुरेथेन कापू नये, धूर विषारी असतो. थर्मोकोलच्या चेंडूला झटपट चिकटणारा सुपरग्लू लावला तर तो चेंडू विरघळवून खातो. तिथे पांढरा फेविकॉलसारखा गोंद किंवा इपॉक्सी वापरावा.

लाँच रॉडसाठीची, म्हणजे सुटताना रॉकेटला सरळ धरणाऱ्या दांड्यासाठीची, स्ट्रॉ चेंडूच्या बाहेरच्या पोटावर चिकटवू नये. रॉड अक्षापासून इतका दूर गेला की घर्षण एका बाजूने धरते आणि चेंडू सुटताच कलतो. स्ट्रॉ मोटरीच्या नळीला खेटून, तिच्याशी समांतर, चेंडूच्या आतून न्यावी.

पॅराशूटसाठी जागा हा खरा पेच आहे. फोमच्या चेंडूत मागून बाहेर पडणारी रचना सोपी : चेंडूत पक्की बसवलेली बाहेरची नळी पुढून बंद असते, तिच्यात मोटर आणि शेपूट धरणारी दुसरी नळी सैल सरकते आणि पॅराशूट दोहोंच्या मध्ये, पुढच्या पोकळीत, वॅडिंगच्या, म्हणजे न पेटणाऱ्या भरावाच्या, आड ठेवतात. मोटरीतला निष्कासन-बार, म्हणजे पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा बार, उडाला की आतली नळी मागे फेकली जाते आणि पॅराशूट ओढत बाहेर आणते. दोन्ही भाग केव्हलर या उष्णता सोसणाऱ्या मजबूत धाग्याच्या दोरीने बांधलेले असतात. पोकळ प्लॅस्टिकचा चेंडू असेल तर तो कंबरेतून कापून वरची वाटी टोपणासारखी बसवतात.

मोटर आणि उड्डाण : मोटरीच्या नावातले अक्षर एकूण आवेग सांगते. ए म्हणजे १.२६ ते २.५० न्यूटन-सेकंद, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट. बी ५, सी १० आणि डी २० पर्यंत. अक्षरामागचा आकडा सरासरी धक्का न्यूटनमध्ये आणि शेवटचा आकडा जळण संपल्यापासून निष्कासन-बारापर्यंतचे सेकंद दाखवतो.

चेंडूसाठी हा शेवटचा आकडा लहान हवा. वर सांगितलेले १३ सेंटिमीटरचे रॉकेट सगळे मिळून १७० ग्रॅमचे झाले आणि डी१२-३ वर सोडले, तर हिशेबाने ते जळण संपेपर्यंत सेकंदाला ४० मीटरच्या वर वेग घेते. मोटर विझताच हवा त्याला अडवते. जेमतेम दोन सेकंदांत ते थांबते, सुमारे ८० मीटर उंचीवर. त्याच मोटरीवर तेवढ्याच वजनाचे सडपातळ रॉकेट ३०० मीटर सहज ओलांडते. तीन सेकंदांचा विलंब इथे थोडा उशिराच पडतो. सात सेकंदांचा घेतला तर पॅराशूट निघेपर्यंत चेंडू जमिनीजवळ आलेला असेल. पॅराशूटशिवाय तो सेकंदाला सुमारे १९ मीटर, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर वेगाने आदळतो. ४० सेंटिमीटर व्यासाचे पॅराशूट तो वेग ५ मीटरवर आणते.

कमी उंची हा दोष मानणे मला पटत नाही. सडपातळ रॉकेट दोन सेकंदांत ठिपका होते आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जाते. चेंडू मात्र सुटण्यापासून उतरण्यापर्यंत नजरेत राहतो. मुलांना जळण, मोटर विझल्यानंतरची चढण, शिखर आणि पॅराशूट हे चारही टप्पे वेगवेगळे दाखवायचे असतील तर याहून चांगले साधन नाही.

चाचणी आणि दक्षता : उडवण्यापूर्वी मोटर भरलेल्या अवस्थेत गुरुत्वमध्यावर दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगरा फिरवतात. नाक पुढे ठेवून ते फिरले तर स्थिर. चेंडूच्या बाबतीत ही चाचणी कडक आहे, वर्तुळाच्या वळणामुळे चांगले रॉकेटही कधी नापास होते. पास झाले तर मात्र भरवसा ठेवावा.

राष्ट्रीय रॉकेट संघटनेच्या संहितेनुसार प्रज्वलन विजेनेच करायचे, सुरक्षा-किल्ली काढता येणारी हवी, डी किंवा लहान मोटरीपासून निदान ५ मीटर दूर उभे राहायचे, रॉड उभ्या रेषेपासून ३० अंशांहून जास्त कलवायचा नाही आणि ताशी ३२ किलोमीटरहून अधिक वाऱ्यात उडवायचे नाही. मोटर पेटली नाही तर किल्ली काढून ६० सेकंद कोणीही जवळ जायचे नाही. डी मोटरीसाठी मैदानाची लहान बाजूही सुमारे १५० मीटर असावी. मोटरींची खरेदी आणि उड्डाण यांचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. परवानगी आधी घ्यावी.

पाण्याच्या दाबावर उडणाऱ्या बाटली-रॉकेटातही चेंडू लागतो, पण नाक म्हणून. अर्धा कापलेला फोमचा चेंडू बाटलीच्या बुडावर बसवला की टोक मऊ होते आणि गुरुत्वमध्यही पुढे येतो.

उड्डाणानंतर नळीच्या तोंडाशी फोम काळवंडला आहे का, केव्हलरची दोरी मुळाशी जळून बारीक झाली आहे का आणि पंखांचे सांधे सुटले आहेत का हे पाहावे. चेंडू स्वतः बहुधा शाबूत असतो, दोरी मात्र दर काही उड्डाणांनी बदलावी लागते.